मराठी कीवर्डच्या भाषेत एक्स्पोर्ट-इम्पोर्ट कसं लिहावं?

ठाण्यात इंजिनिअरिंग करता करता तुम्ही मराठी कीवर्डची (म्हणजे जिचे ठरावीक शब्द मराठी आहेत अशी) प्रोग्रामिंग भाषा बनवताय, हे वाचूनच आनंद झाला. तुम्ही विचारलंय की 'गो' या प्रोग्रामिंग भाषेसारखं, कॅपिटल अक्षराने सुरू होणारं नावच दुसऱ्या फाइलींना दिसेल असं ठेवू का, आणि इम्पोर्टची, म्हणजे दुसऱ्या फाइलीतली नावं आत घेण्याची, ओळ कशी असावी.

कॅपिटलचा नियम घेऊ नका. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच. गोमध्ये 'दर' हे नाव चालतं, पण दुसऱ्या पॅकेजला (कोडच्या दुसऱ्या गठ्ठ्याला) ते कधीच दिसत नाही. 'भाडे' तर कंपायलर घेतच नाही, कारण काना-मात्रा युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) जोडचिन्हं आहेत आणि गोला ती नावात चालत नाहीत. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचा उल्लेख करून हे लिहिलेलं आहे.

त्यापेक्षा जिथे फंक्शन लिहिता तिथेच शब्द लावा: 'बाहेर कार्य भाडे'. रस्ट भाषेतलं 'पब' असंच आहे. निकलाउस व्हिर्ट यांच्या ओबेरॉन भाषेत तर नावापुढे नुसता तारा. हॅस्केल भाषेसारखी फाइलीच्या डोक्यावर बाहेर द्यायच्या नावांची यादी वाचायला छान असते, पण नाव बदललं की दोन ठिकाणी हात लावावा लागतो. 'बाहेर' लिहिलं नाही तर नाव आतलंच राहू दे. एकदा लोक वापरायला लागले की ते मागे घेणं फार जड जातं.

इम्पोर्टमध्ये मॉड्यूल (ज्या फाइलीतून घ्यायचं ती) आधी, नावं नंतर:

ट्रान्सहार्बर मधून घे स्थानके, फेऱ्या

२०१५ साली आलेल्या जावास्क्रिप्टच्या मॉड्यूलांत नावं आधी येतात, त्यामुळे नाव टाइप करताना फाइल कोणती हे एडिटरला ठाऊकच नसतं. पायथॉनचा 'फ्रॉम' इथे बरा. जावास्क्रिप्टचा डिफॉल्ट एक्स्पोर्टही नको, त्यात घेणारी फाइल हवं ते नाव देऊ शकते. महापेला आमच्या ऑफिसात दुसऱ्यांचा कोड तपासणं हे माझं रोजचं काम. एकाच फंक्शनला प्रत्येक फाइलीने वेगळं नाव दिलेलं असलं की शोधून सापडत नाही. 'सगळंच घे' अशी सोय तर देऊच नका.

आता तुम्ही न विचारलेली, पण हमखास नडणारी गोष्ट. वरच्या 'फेऱ्या'तला 'ऱ' तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा 'र'चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एका फाइलीत पहिली तऱ्हा, दुसरीत तिसरी, की 'फेऱ्या सापडलं नाही' अशी एरर येणार आणि बिचारा माणूस स्पेलिंग तपासत बसणार. पायथॉन नावं जुळवण्याआधी युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करतो, जावास्क्रिप्ट करत नाही. तुम्ही लेक्सरमध्येच (कोडचे शब्द वेगळे करणाऱ्या पहिल्या टप्प्यातच) एनएफसी या प्रकारचं नॉर्मलायझेशन करा. त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतील. झेडडब्ल्यूजेवाल्या तिसरीला एनएफसी हात लावत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम तुम्हालाच लिहावा लागेल. इम्पोर्टची पहिली टेस्ट याच 'फेऱ्या'वर लिहा, तिन्ही तऱ्हांच्या तीन फाइली करून.