मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहे, हाताशी फक्त मोबाईल आहे. फिल्ममेकिंगची तंत्रं कुठून शिकायला घेऊ?

तुम्ही लिहिलंय की सेमिस्टरअखेर तीन मिनिटांची शॉर्ट फिल्म द्यायची आहे आणि घरचे कॅमेरा घेऊन द्यायला तयार आहेत. कॅमेरा आत्ता घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या बहुतेक फिल्म चित्र खराब म्हणून फसत नाहीत. संवाद ऐकू येत नाहीत आणि एडिटला बसल्यावर शॉट एकमेकांना जोडले जात नाहीत, म्हणून फसतात. महागड्या कॅमेऱ्याने यातलं काहीच सुटत नाही.

फिल्मच्या आधी एक मिनिटाचा सराव करा. कथा नको, नुसती कृती पुरे. एक जण टेबलाशी बसलाय. दुसरा दारातून येतो, समोर बसतो, खिशातून लिफाफा काढून पुढे सरकवतो. चार वाक्यं बोलणं होतं आणि पहिला तो लिफाफा न उघडता परत ढकलतो. एवढ्याचे सात शॉट घ्या: दोघं आणि टेबल दिसेल असा मास्टर, प्रत्येकाच्या खांद्यावरून समोरच्याचा एकेक, प्रत्येकाचा क्लोजअप, लिफाफ्यावरच्या हाताचा इन्सर्ट, म्हणजे फक्त तेवढाच तपशील दाखवणारा जवळचा शॉट, आणि दाराचा एक. मास्टरमध्ये सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून घ्या आणि खांद्यावरच्या शॉटमध्येही पूर्णच करून घ्या. ‘एवढंच वाक्य लागणार आहे’ म्हणून तुकडा घेतला, की नेमका जिथे कट हवा तिथे शॉट संपलेला असतो. प्रत्येक टेकच्या, म्हणजे एका वेळच्या अभिनयाच्या, आधी आणि नंतर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा.

आता लाइन. बसलेल्या दोघांमधून एक काल्पनिक रेघ ओढा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या. मग क्लोजअपमध्ये एक जण फ्रेमच्या उजवीकडे बघेल, दुसरा डावीकडे, आणि ते समोरासमोर आहेत हे कुणाला सांगावं लागणार नाही. खोली लहान, म्हणून तिसरा शॉट ‘पलीकडून बरा दिसतो’ असं होतं, कॅमेरा रेघ ओलांडतो आणि दोघंही एकाच दिशेला बघू लागतात. एडिटमध्ये शॉट आडवा उलटवून भागेल असं वाटतं, पण शर्टाचा खिसा उजवीकडे जातो आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटं वाचावं लागतं.

एकाच माणसाच्या दोन सलग शॉटमध्ये अँगल निदान ३० अंशांनी बदला, किंवा शॉटचा आकार चांगलाच बदला. मिडवरून (साधारण कमरेपासून वरचा शॉट) जरासं जवळ जाऊन पुन्हा मिडच घेतला तर कट उडी मारल्यासारखा दिसतो. क्लोजअपसाठी बोटांनी झूम करू नका. फोनला टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर मुख्य लेन्सने थोडं जवळ जा. फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे हात आणि वस्तू प्रत्येक शॉटमध्ये सारख्याच राहतात ना हे बघायला, एक जण नेमा आणि त्याला दुसरं काही काम देऊ नका. कोणत्या शब्दावर कोणत्या हाताने लिफाफा उचलला, हे त्याने लिहायचं आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेवरचं शूट झालं की टेबलाचा फोटो काढायचा.

फोनच्या सेटिंग्जमध्ये मोजक्याच गोष्टी बघा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात त्या हाताने ठरवता येतात. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर (प्रत्येक चित्र किती वेळ उजेड घेतं) १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/६० असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात, १/५० किंवा १/१०० ला जातात. स्वस्त एलईडी मात्र तरीही लुकलुकू शकतात, म्हणून आधी दहा सेकंदांची चाचणी घ्या. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल) लॉक करा, नाहीतर पांढऱ्या शर्टातला माणूस फ्रेममध्ये आला की मागची भिंत काळवंडते. एचडीआर, म्हणजे उजळ आणि काळोखे भाग एकत्र सांभाळणारं सेटिंग, बंद. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र ठेवू नका, एक बंद करा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली की चेहऱ्याची काळोखी बाजू उघडते. शूटिंगच्या सेटवरही थर्माकोलच धरतात, त्यात कमीपणा नाही.

आवाजाला मात्र चित्राहून जास्त वेळ द्या. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून दोन मीटरवरच्या फोनने घेतलेला संवाद विहिरीतून आल्यासारखा वाटतो आणि तो नंतर नीट होत नाही. वायरचा साधा कॉलर माइक दुसऱ्या फोनला लावा, तो फोन नटाच्या खिशात फ्लाइट मोडवर ठेवा आणि माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर येऊ द्या. सिल्कची ओढणी, कडक स्टार्च, मंगळसूत्र यांचं घासणं माइक हमखास पकडतो. कपड्याच्या आतून मेडिकल टेपने चिकटवा आणि वायरला एक सैल वेटोळं ठेवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवरची लेव्हल बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास असावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेल्याला औषध नाही.

पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. वेळ दुपारची निवडा, सकाळी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संवादावर येतात. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी वाजवा, दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग तिच्यावर जुळवता येतं. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये संवादांच्या मधल्या फटी तिनेच भरायच्या असतात. तिथे नुसतं म्यूट केलं तर प्रत्येक फट कानाला खड्ड्यासारखी लागते.

एडिटसाठी दाविंची रिझॉल्व्ह या कॉम्प्युटरवरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. क्लिप त्यात आणण्याआधीच प्रोजेक्टचा फ्रेम रेट २५ करा, नंतर तो बदलता येत नाही. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बऱ्याचदा स्थिर नसतो, त्यामुळे लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. अशा क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या.

पहिला कट हालचालीवर मारून बघा: मास्टरमध्ये लिफाफा उचलायला हात निघाला की लगेच, तो पोचायच्या आत, इन्सर्टवर जा. हात थांबल्यावर कापलंत तर कट दिसतो, चालू असताना कापलंत तर डोळा हाताच्या मागे जातो. संवादात उत्तर देणाऱ्याचा आवाज त्याच्या चित्राच्या आठ-दहा फ्रेम आधी सुरू करून बघा, प्रश्नोत्तरांचा ठोकळेबाजपणा जातो. मग तोच सीन आवाज बंद करून एकदा आणि चित्र न बघता एकदा तपासा.

घरचे पैसे देतच असतील तर आत्ता दोन कॉलर माइक, मोबाईल क्लॅम्पसह जड बुडाचा ट्रायपॉड आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. फोनमधलं फुटेज दोन ठिकाणी कॉपी होऊन दोन्हीकडे चालवून बघेपर्यंत डिलीट करू नका.