रक्तातले डायॉक्सिन मोजायचे तर मेदाचा हिशेब आधी

प्रश्न असा आहे: कचरा जाळणाऱ्या भट्टीवरच्या कामगारांची डायॉक्सिन-तपासणी (डायॉक्सिन म्हणजे कचरा जळताना तयार होणारी विषारी क्लोरीन-संयुगे) करायची आहे, ५ मिली सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) आणि स्वस्तातली कॅलक्स चाचणी (पेशी किती उजळतात त्यावरून डायॉक्सिन मोजणारी) पुरेल का, की लघवीवरही भागेल?

लघवी सोडून द्या. डायॉक्सिन चरबीत मुरते, लघवीत जवळजवळ उतरत नाही. सीरमच घ्या, पण ५ मिलीत किती माल असतो ते आधी पाहा. डायॉक्सिन मेदाच्या ग्रॅममागे मोजतात, म्हणून आधी मेद काढा: एकूण मेद (मिग्रॅ/डेसिलिटर) = २.२७ × कोलेस्टेरॉल + ट्रायग्लिसराइड + ६२.३. कोलेस्टेरॉल २००, ट्रायग्लिसराइड १५० धरले तर ६६६. म्हणजे ५ ऐवजी २० मिली सीरम घेतले तरी त्यात जेमतेम ०.१३ ग्रॅम मेद. मेदाच्या ग्रॅममागे २ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग) टीसीडीडी (सर्वांत विषारी डायॉक्सिन) असेल तर अख्ख्या नमुन्यात ०.२७ पिकोग्रॅम, आणि ५ मिलीत त्याच्या चौथाई. इटलीतल्या सेव्हेसोच्या रासायनिक कारखान्यातील १९७६च्या अपघातानंतर साठवलेल्या सीरमचे १ मिलीहूनही कमी नमुने पुरले, कारण तिथली पातळीच प्रचंड होती. तुमच्याकडे तसे नसावे.

रक्त उपाशीपोटीच घ्या. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड ४०० झाले तर त्याच ०.२७ पिकोग्रॅमला भागाकार मोठ्या मेदाने होतो आणि २ चा आकडा दीडच्याही खाली दिसतो. कामगार तोच, शरीरातला साठा तोच! मेद त्याच नमुन्यातून मोजा, जुना लिपिड रिपोर्ट जोडू नका. सीरम स्वच्छ धुतलेल्या काचेच्या कुपीत, टेफ्लॉन-अस्तराच्या झाकणाने बंद करून -२०° वर ठेवा.

कॅलक्स चाळणीसाठी उत्तम, निदानासाठी नाही. तिच्यातल्या पेशी एएच रिसेप्टर (डायॉक्सिन ज्याला चिकटते ते पेशीतले प्रथिन) जागवणाऱ्या कशालाही उजळतात. सीरमचा अर्क आम्लयुक्त सिलिकावरून (नको ती रसायने काढून टाकणारा थर) नीट गेला नाही तर धुरातली पीएएचही (अर्धवट ज्वलनातून येणारी बहुवलयी संयुगे) डायॉक्सिन म्हणून मोजली जातात, आणि भट्टीवरच्या माणसांच्या बाबतीत हीच खरी भीती. शिवाय एकच बेरीज मिळते, कोणते काँजेनर (डायॉक्सिन-कुळातले एकेक संयुग) ते कळत नाही. तेच तर हवे असते: जाळण्यातून आलेल्या मिश्रणात फ्युरान (डायॉक्सिनची भावंडे) असतात (२,३,४,७,८-पेंटाफ्युरानवर नजर ठेवा), ट्रान्सफॉर्मर तेलाच्या संपर्कात पीसीबी (जुन्या विद्युत तेलातली क्लोरीन-संयुगे), पेंटाक्लोरोफेनॉलमध्ये (लाकूड टिकवण्याचे रसायन) जास्त क्लोरीनची डायॉक्सिन. म्हणून चाळणीत वर आलेले नमुने जीसी-एचआरएमएसला (प्रत्येक काँजेनर वेगळे करून मोजणारे यंत्र) पाठवा, आणि त्यासाठी मुळातच पुरेसे सीरम काढून ठेवा.

रिपोर्टमध्ये फक्त टीईक्यू (प्रत्येक काँजेनरला टीसीडीडीच्या तुलनेतल्या विषारीपणाच्या गुणकाने गुणून केलेली बेरीज) स्वीकारू नका. शोधमर्यादा (चाचणीला दिसू शकणारे किमान प्रमाण) २ पिकोग्रॅम असेल आणि टीसीडीडी व १,२,३,७,८-पेंटाडायॉक्सिन दोन्ही सापडली नाहीत, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या गुणकांनी (दोघांचा १) या दोघांचा वाटा ० ही होतो, २ ही आणि ४ ही. न सापडलेल्याला शून्य धरले, अर्धी मर्यादा धरली की पूर्ण, एवढाच फरक. २०२२च्या पुनर्मूल्यांकनात गुणक बदलले आहेत, तेव्हा कोणते वापरले ते लेखी घ्या. सोबत प्रत्येक काँजेनरचा आकडा, कार्बन-१३ मानकांची रिकव्हरी (नमुन्यात मुद्दाम घातलेले खूण-संयुग किती टक्के परत मिळाले) आणि रिकाम्या नमुन्याचा (सीरमशिवाय तीच प्रक्रिया केलेला) निकालही मागा. ओसीडीडी (आठ क्लोरीनचे डायॉक्सिन) रिकाम्या नमुन्यात बरेचदा दिसते.

कामगारांत स्तनदा माता असतील तर दूध सोयीचे: ४ टक्के मेदाच्या ५० मिलीत २ ग्रॅम मेद, म्हणजे २० मिली सीरमच्या पंधरापट. मात्र पहिलटकरणी आणि नंतरच्या बाळंतपणाच्या माता एकत्र करू नका, स्तनपानातून आईचा साठा उतरत जातो. आकडा आला म्हणून दूध पाजणे थांबवायला सांगू नका.

तुलनेसाठी त्याच वयाचे, भट्टीपासून लांबचे लोक घ्या. टीसीडीडीचा अर्धायुकाल साधारण ७ वर्षांच्या पुढे असल्याने वय वाढेल तसा साठाही वाढतो.