हायब्रिड घ्यावी का? आधी तुलना कुठल्या गाडीशी करताय ते बघा

तुमचा प्रश्न असा, की कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, महिन्याला हजार किलोमीटर, त्यातले ८०० शहरात नि २०० गावाला वगैरे, घरी फक्त एकच गाडी, आणि शोरूमवाला म्हणतोय २८ चं ॲव्हरेज आहे, तर मॅन्युअल पेट्रोलपेक्षा सव्वातीन लाख जास्त घालून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी, घ्यावी का. मी जानेवारी २०२३ पासून हायब्रिड चालवतोय, ४१ हजार किलोमीटर झाले, आणि बायको हसते तरी प्रत्येक टाकी फुल केली की डायरीत लिहितो, त्यामुळे जे सांगतोय ते त्या डायरीतलं आहे. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर उत्तर बाजूला राहतं नि कंपनीवरून भांडणं सुरू होतात.

पहिली गोष्ट, 'हायब्रिड' लिहिलेली प्रत्येक गाडी हायब्रिड नसते. अर्टिगाच्या मागे स्मार्ट हायब्रिड लिहिलेलं असतं ती माइल्ड. तिच्यात अल्टरनेटरच्या जागी एक छोटी मोटर असते, ती सिग्नलला बंद पडलेलं इंजिन सुरू करते नि पिकअप घेताना थोडा हात लावते, बस. नुसत्या मोटरवर ती गाडी एक फूट सरकत नाही. तुम्ही विचारताय ती स्ट्राँग, म्हणजे मारुतीची ग्रँड विटारा नि टोयोटाची हायरायडर यांचं वरचं मॉडेल, टोयोटाचीच इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी ई:एचईव्ही वगैरे. ही मंडळी इंजिन बंद ठेवून खरोखर मोटरवर चालतात. घेताना 'स्ट्राँग' हा शब्द कोटेशनवर बघून घ्या, माझ्या एका भाच्याला माइल्डच 'हायब्रिड' म्हणून जवळपास विकली होती.

आता हिशोब. तुम्ही मॅन्युअलशी तुलना करताय आणि तिथेच चुकतंय. मीपण तेच केलं होतं. स्ट्राँग हायब्रिड ही ऑटोमॅटिकच असते, क्लच नाही की गिअर टाकणं नाही. म्हणजे त्या सव्वातीन लाखातला एक भाग हायब्रिडचा नाहीच, ऑटोमॅटिकचा आहे. तुम्ही दिलेल्या कोटेशनमध्येच बघा, त्याच गाडीचं ऑटोमॅटिक पेट्रोल नि हायब्रिड यांच्यात ऑन-रोड फरक एक लाख ऐंशी हजारचा आहे.

पेट्रोल १०४ धरू. कागदावर २८ असेल, माझ्या डायरीत सरासरी २१ आहे. ऑटोमॅटिक पेट्रोल आपल्या ट्रॅफिकमध्ये ११ देते (धाकट्या भावाकडे आहे, तो १२ म्हणतो पण टाकी मोजून भरत नाही). म्हणजे शहरात किलोमीटरला साडेनऊ रुपये विरुद्ध पाच, साडेचार रुपये वाचले. हायवेला मात्र ऑटोमॅटिक १७ पर्यंत जाते, हायब्रिड २१ लाच राहते, तिथे वाचतो जेमतेम सव्वा रुपया. तुमचे ८०० नि २०० धरले तर महिन्याला ३,८०० च्या आसपास, वर्षाला ४५-४६ हजार. एक लाख ऐंशी हजार वसूल व्हायला चार वर्षं. कर्जावर घेणार असाल तर जास्तीच्या रकमेचं व्याजही धरा, मग जवळपास पाच. मॅन्युअलशी हीच आकडेमोड केली तर, तिचं ॲव्हरेज ऑटोमॅटिकपेक्षा जरा बरं आणि फरक सव्वातीन लाखांचा, त्यामुळे नऊ-साडेनऊ वर्षं येतात, म्हणजे मॅन्युअल चालवायला तुम्हाला काही अडचण नसेल तर विषय इथेच संपला, मॅन्युअल घ्या नि उरलेले पैसे ठेवा. पण भूमकर चौकात रोज अर्धा तास डावा पाय क्लचवर ठेवणाऱ्याला काही अडचण नसते असं मला तरी वाटत नाही.

शहरातच का जास्त वाचतं ते एकदा कळलं की स्वतःचा हिशोब स्वतःला करता येतो. ब्रेक दाबला की साध्या गाडीत ती सगळी ताकद ब्रेक पॅडमध्ये गरम होऊन जाते, इथे मोटरच जनरेटर बनून त्यातली बरीचशी बॅटरीत भरते. पुढच्या सिग्नलला तीच वापरून गाडी सुटते, इंजिन झोपलेलं. आणि एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येते. हायवेला ८०-१०० ने सरळ चाललात की ब्रेकच नाही, मग भरणार काय? म्हणून माझा एक मित्र, जो आठवड्याला पुणे-नाशिक करतो, त्याला मी स्वतः नको म्हणालो.

आणखी एक गोची कोणी सांगत नाही ती म्हणजे छोट्या फेऱ्या. सकाळी घरातून मंडईत, दोन-तीन किलोमीटर, गाडी बंद, परत. इंजिन गरम करण्यातच पेट्रोल जातं. आईच्या आजारपणात दोन महिने माझी अशीच चालली, ॲव्हरेज १५ वर आलं. एप्रिल-मेमध्ये ट्रॅफिकमध्ये उभे राहिलात तर एसी बॅटरी खातो नि दर थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होतं, पहिल्यांदा दचकायला होतं.

दचकण्यावरून आठवलं. आमचं गाव चिपळूणकडे. कुंभार्ली घाट उतरताना अर्ध्या वाटेत बॅटरीच्या सगळ्या कांड्या भरल्या, आणि मी ॲक्सिलरेटरला पायही न लावता इंजिन जोरात ओरडायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, काय मोडलं का?" मोडलं काही नव्हतं. या गाड्यांची बॅटरी अगदी छोटी असते, ग्रँड विटारा-हायरायडरची तर ०.७६ युनिटची, इलेक्ट्रिक गाडीच्या तीस-चाळीसच्या पुढे ती चिल्लर. भरली की पुढची ताकद ठेवायला जागा नाही, मग गाडी इंजिन फिरवून वेग धरते. घाटात लिव्हर डी वरून बी वर घ्यायचा, ब्रेकवर ताण येत नाही. हे डिलिव्हरीच्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं, हार घालून फोटो काढण्यात सगळे गुंग. घाट चढतानाही फुल भरलेल्या गाडीत आवाज बराच येतो, त्याची सवय करावी लागते.

डिकी. हे मात्र खरं दुखणं. हायरायडरची माइल्ड ३७३ लिटर नि हायब्रिड २६५, कारण बॅटरी मागे बसते. शोरूममध्ये हा फरक डोळ्यांना कळत नाही, गणपतीला निघताना कळतो.

बॅटरी गेली तर? सगळे हाच प्रश्न विचारतात. टोयोटा नि मारुती दोघांचीही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी आहे. तुमच्या रनिंगने किलोमीटर संपायच्या आधी वर्षं संपतील. त्यामुळे दहा-बारा वर्षं गाडी ठेवायची असेल तर शेवटच्या वर्षांचा धोका आपल्या अंगावर, हे मान्य करूनच घ्या. मला मात्र त्रास दिला तो मोठ्या बॅटरीने नाही, साध्या बारा व्होल्टवालीने. तीन आठवडे बाहेरगावी गेलो, आलो तर गाडी मेलेली. गाडी सुरू झाली की लागतो तो 'रेडी' चा दिवाच लागेना. मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग शून्य, कारण तिला जागं करायला ही छोटीच लागते. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला नि झालं. तेव्हापासून बाहेर जाताना चावी भावाकडे, आठवड्यातून एकदा अर्धा तास रेडीवर ठेवतो. बॉनेटमध्ये नारिंगी जाड केबल दिसतील, त्या हाय व्होल्टेजच्या, नाक्यावरच्या मेकॅनिकला त्यांना हात लावू देऊ नका. सोसायटीत उंदीर असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त.

टॅक्सबद्दल यूट्यूबवर ऐकून हुरळू नका. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला, त्यामुळे तेव्हा तिकडच्या माणसाचं गणित वेगळं आलं. आपल्याकडे दहा ते वीस लाखाच्या हायब्रिडला पेट्रोलइतकाच १२ टक्के. अटल सेतूवरची टोलमाफीही इलेक्ट्रिकला आहे, हायब्रिडला नाही. सेल्समन दोन्ही एकाच वाक्यात बोलतो, ऐकताना सावध. इलेक्ट्रिकचं विचाराल तर पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जिंग पॉइंट मिळत असेल आणि रोज चाळीसच किलोमीटर असतील तर ती सगळ्यात स्वस्त पडते, यात वाद नाही. पण तुम्ही लिहिलंय सोसायटी परवानगी देत नाही आणि गाडी एकच. मग तुमच्यासाठी ऑटोमॅटिक की हायब्रिड एवढाच प्रश्न उरतो आणि गाडी सहा-सात वर्षं ठेवणार असाल तर मी हायब्रिड म्हणेन. महिन्याचे हजार किलोमीटरचे चारशे होणार असतील, वर्क फ्रॉम होम वगैरे, तर अजिबात नको.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मागा, एसी लावून, घरचे चौघं बसवून, चांदणी चौकाकडे न्या आणि ट्रिप मीटर शून्य करून निघा. मोठी बॅगही बरोबर घेऊन जा, डिकीत उभी राहते की आडवी घालावी लागते ते तिथेच बघा. साडेसहाला गाडी देत नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला फोन लावा, मला तिसऱ्याने दिली होती.