डबा रिकामा येतो, तरी मुलगा उपाशी

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. महिनाभर त्याचा डबा रिकामा येतो, तरी घरी आल्या आल्या तो भाकरी मागतो. खोदून विचारल्यावर कळले की शाळेच्या रिक्षातली दोन मोठी मुले त्याच्या अडखळत बोलण्याची नक्कल करतात आणि डबा काढून घेतात. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘मुलेच ती, चालायचेच.’ यांचे म्हणणे, त्या मुलांच्या घरी जाऊन जाब विचारावा. काय करावे?
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : जाब विचारायला घरी जाऊ नये. पेठेत असे भांडण संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे व्याज रिक्षात आपल्या मुलाकडूनच वसूल होते.

बाईंचे उत्तर चुकलेच. रोज डबा हिसकावून घेणे ही थट्टा नव्हे. मात्र रिक्षात घडते ते त्यांना वर्गात दिसत नाही आणि आपल्यालाही घरातून दिसत नाही, म्हणून ‘मुलाला त्रास देतात’ एवढेच न सांगता कोणत्या तारखेला, कुठे, काय झाले आणि तेव्हा कोण हजर होते, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावे. मग नेमके मागावे : मुलाला रिक्षात मामांच्या शेजारी जागा, दोन्ही घरच्या पालकांशी शाळेनेच वेगवेगळे बोलणे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटण्याची ठरलेली तारीख. मुलांना समोरासमोर उभे करून ‘हात मिळवा’ म्हणायला लावू नये, कारण दुबळ्या मुलाला तिथे खरे बोलता येत नाही.

घरी तो अडखळला तर वाक्य आपण पुरे करू नये. वाचा-उपचार तज्ज्ञांना एकदा दाखवावे.

एवढ्याने भागले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तेव्हा रिक्षातली देखरेख हा विषय तिच्या बैठकीत मांडता येतो. मारहाण किंवा धमकीपर्यंत गेले तर 1098 या बालमदत क्रमांकावर केव्हाही विनाशुल्क फोन करता येतो.

बाईंना भेटायला जाताना यांनाही सोबत न्यावे, पण कागद आपल्या हातात ठेवावा.