अर्बन डिझाइन की नियोजन?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्बन डिझाइन घ्यावे की नियोजन, असे तू विचारले आहेस. लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ मध्ये नगररचनेचा, म्हणजे शहर नियोजनाचा, विभाग सुरू झाला आणि हार्वर्डमधील १९५६ च्या परिषदेने अर्बन डिझाइनला वेगळी ओळख दिली. पदव्या वेगळ्या झाल्या, तरी प्रत्यक्ष शहरात ही दोन्ही कामे एकमेकांत गुंतलेलीच असतात. पदपथ, चौक, मोकळ्या जागा यांना आकार देण्यात मन रमत असेल, तर पहिला विषय घे; जमीन, घरे, वाहतूक आणि त्यांसाठीचा पैसा यांचा मेळ घालण्यात रस असेल, तर दुसरा. मात्र न निवडलेल्या विषयाची जाण तुला कमवावीच लागेल.

ही गुंतागुंत समजून घ्यायला स्पेनमधल्या बार्सिलोनाचा विस्तार आराखडा बारकाईने पाहा. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने कामगारांच्या राहणीमानाची पाहणी करून मांडलेल्या या आराखड्याला १८५९ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस खंड (चारही बाजूंनी रस्ते असलेले जमिनीचे तुकडे), बहुतेक रस्ते २० मीटर रुंद आणि चौकात वळणे सोपे जावे म्हणून तिरपे छाटलेले कोपरे, हे विद्यार्थी हौसेने रेखाटतात. पण खंडाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग, ही त्याची मूळ कल्पना होती. पुढे चारही बाजू बांधल्या गेल्या, उंची वाढत गेली आणि आतल्या बऱ्याच मोकळ्या जागा कारखान्यांनी व गोदामांनी व्यापल्या. माझ्या मते रस्ते टिकले ते सार्वजनिक होते म्हणून; बागा खासगी भूखंडांत होत्या आणि त्यांना राखणारा नियम तितका बळकट राहिला नाही. म्हणून स्टुडिओत सुंदर मोकळी जागा आखशील, तेव्हा ती कोणाच्या मालकीची, तिची देखभाल कोण करणार आणि चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र, वाढवून मिळाल्यावर तिचे काय होणार, हेही लिहीत जा.

पाहणीची सवय आतापासूनच लाव. पदपथाची रुंदी मोजताना विजेचे खांब, झाडांची आळी, दुकानांच्या पायऱ्या वजा करून चालायला खरोखर उरलेली रुंदी नोंदव. नकाशावरचा आकडा आणि हा आकडा यांतली तफावत तुला पुष्कळ शिकवील.

संस्था निवडताना नावापेक्षा तिथले प्रबंध वाच आणि भूमी कायदा व नागरी वित्त हे विषय सक्तीचे आहेत का, ते तपास. पोर्टफोलिओत चकचकीत चित्रांऐवजी एका जागेची अशी नीट पाहणी जोड आणि अर्ज पाठवण्यापूर्वी मला एकदा दाखव.

तुझा हितचिंतक