चांदीच्या नॅनोतारा काचेवर एकाच दिशेने कशा लावायच्या?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सिल्व्हर नॅनोवायर, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म तारा, अल्कोहोलमध्ये मिसळून तुम्ही काचेवर थेंब टाकता. वाळल्यावर मध्ये फारसं काही उरत नाही, कडेला जाड वळं तयार होतं आणि मधल्या तारा वाटेल त्या दिशेला पडलेल्या असतात. त्या सगळ्या एका दिशेने लावायच्या आहेत.

प्रयोगशाळेत मी बराच काळ हेच काम केलं आहे, म्हणून आधी एक सांगतो: थेंब टाकणं बंद करा. थेंबाची कड काचेला घट्ट धरून बसते आणि तिथला पातळ थर सगळ्यात आधी उडून जातो. ती तूट भरायला आतला द्रव कडेकडे धावतो आणि तारांना सोबत घेऊन जातो. कॉफीच्या डागाची कड गडद का होते, याचं हेच कारण रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलं.

पण तो वाया गेलेला थेंब टाकून देऊ नका, डार्क-फील्ड मायक्रोस्कोपखाली धरा, म्हणजे ज्यात फक्त विखुरलेला प्रकाश दिसतो आणि बाकी सगळं काळं राहतं. तार ५०-६० नॅनोमीटर जाडीची, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी बारीक. तरीही ती प्रकाश विखुरते, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर लखलखीत रेघ दिसते. आता कडेचं वळं बघा. मधल्या तारा अस्ताव्यस्त असतील, पण वळ्यातल्या बऱ्याचशा कडेला समांतर, एकमेकींना बिलगून झोपलेल्या दिसतील. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. जी रांग लावायला मी आठवडे घालवले होते, ती द्रवाच्या कडेने आपसूक लावून ठेवली होती, फक्त मला नको त्या जागी. तेव्हापासून मी तारांचा विचार करणं सोडलं आणि द्रव कसा हलतो, कुठे थांबतो, याचा विचार करायला लागलो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे द्रवाचा पातळ थर एका दिशेने ओढणं. काच आधी ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) स्वच्छ करा. द्रव तिच्यावर सपाट पसरला पाहिजे, त्याचे गोळे होता कामा नयेत. मग एका टोकाला द्रवाची रेघ सोडा आणि पाते किंवा मेयर रॉड एकाच वेगाने, न थांबता दुसऱ्या टोकाला न्या. मेयर रॉड म्हणजे तार गुंडाळलेली स्टीलची कांडी. गुंडाळलेली तार जितकी जाड, तितका ओला थर जाड. काचेला लागून असलेला द्रव जागचा हलत नाही आणि वरचा पात्यासोबत पळतो. तारेचं जे टोक वरच्या थरात असतं ते पुढे खेचलं जातं आणि तार वळत वळत ओढीच्या दिशेला येते. ओढ्यात पडलेली काडी वळते तसंच. थर फार जाड असेल तर वाळेपर्यंत तारा पुन्हा भरकटतात, म्हणून तो पातळ ठेवा आणि काच किंचित कोमट असू द्या.

तारा काचेवरून निसटत असतील तर काचेवर आधी अमिनो गट असलेल्या सिलेनचा (काचेला चिकटणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाचा) थर द्या. चांदी त्याला छान धरून राहते.

आता मीच तुम्हाला विचारतो: एकच दिशा तुम्हाला खरंच हवी आहे का? पारदर्शक विद्युतवाहक थर बनवायचा असेल, तर अगदी समांतर तारा हा तोटाच आहे. समांतर तारा एकमेकींना छेदत नाहीत, मग वीज एकीवरून दुसरीवर जाणार कशी? दिशा कशीही असलेल्या सरळ काड्यांसाठी गणित असं आहे: क्षेत्रफळाच्या एककातली तारांची संख्या गुणिले लांबीचा वर्ग साधारण ५.६४ झाला की पृष्ठभागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट तयार होते. २० मायक्रॉनच्या तारा असतील तर एका चौरस मिलिमीटरला सुमारे १४,००० लागतात. लांबी ४० मायक्रॉन केली की साडेतीन हजारांत काम भागतं. ही फक्त वाट उघडण्याची मर्यादा आहे, रोध कमी हवा असेल तर यापेक्षा पुष्कळ जास्त तारा लागतात. तरीही यातला धडा मोलाचा आहे, कारण तारांची संख्या वाढवली की थर धुरकट होत जातो. म्हणून आधी लांब तारा मिळवा. आणि सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव हलवणाऱ्या यंत्रात, त्या फार वेळ ठेवू नका. गुठळ्या सोडवायच्या नादात मी एकदा चांगल्या लांब तारांचे तुकडे तुकडे करून घेतले होते. हाताने हळूच हलवणं पुरतं.

वाहक थरासाठी मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे एक थर ओढायचा, वाळू द्यायचा, काच ९० अंशांत फिरवून दुसरा ओढायचा. उभ्याआडव्या तारांची जाळी तयार होते आणि प्रत्येक छेद कामी येतो.

प्रकाश ध्रुवित करण्यासाठी, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत ठेवण्यासाठी, मात्र समांतर ताराच हव्यात. १८८८ साली हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ लहरींवर तारांची जाळी वापरून हेच दाखवलं होतं. पण दृश्य प्रकाशासाठी तारांमधलं अंतर तरंगलांबीपेक्षा बरंच कमी आणि सगळीकडे सारखं लागतं. ते द्रव ओढून साधत नाही, त्यासाठी लिथोग्राफीच, म्हणजे पृष्ठभागावर सूक्ष्म नक्षी कोरण्याची पद्धत, हवी.

खूप दाट रांगा हव्या असतील तर लँगम्युर-ब्लॉजेट पद्धत आहे. तारांवर पाण्याला नकोशा रेणूंचा लेप देऊन त्या पाण्यावर तरंगवतात आणि दोन्ही बाजूंनी आडकाठ्या जवळ आणतात. नदीत ओंडके अडावेत तशा त्या आडकाठीला समांतर लागतात. पेइडोंग यांग यांच्या गटाने २००३ मध्ये चांदीच्या तारांचे असे थर बनवले. निकाल देखणा असतो, पण धीर फार लागतो.

दोन इलेक्ट्रोडच्या फटीत मोजक्याच तारा बसवायच्या असतील तर प्रत्यावर्ती (एसी) व्होल्टेज द्या. तारांच्या दोन टोकांवर विरुद्ध भार जमा होऊन त्या फटीकडे ओढल्या जातात. एकदिश (डीसी) व्होल्टेज नको. द्रवात पाणी असेल तर त्याचं विघटन होतं आणि चांदीही विरघळायला लागते. चुंबकाने चांदी वळत नाही, निकेलच्या तारा वळतात.

शेवटी जोड. तारांवर पीव्हीपी या पॉलिमरचा पातळ लेप असतो, त्यामुळे एकमेकींवर पडलेल्या ताराही नीट भिडत नाहीत. काच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा वेळ तापवा किंवा थर दाबून घ्या. रोध झपाट्याने खाली येतो. तापमान ३०० कडे नेऊ नका. चांदी ९६१ अंशांना वितळते हे खरं, पण इतकी बारीक तार त्याच्या कितीतरी आधी तुटून थेंबांची माळ होते. तापवण्याआधी आणि नंतर एकाच जागेचा फोटो काढा, फरक लगेच दिसेल. तारांची लांबी आणि त्या कशासाठी हव्या आहेत ते कळवलंत, तर ओढण्याचा वेग आणि थराची जाडी यांबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.