गोलकीपिंग कोचची जागा घेतली तर मुख्य प्रशिक्षक होण्याचा रस्ता बंद होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालंय, क्लबने गोलकीपिंग कोचची जागा देऊ केली आहे. पण सगळे सांगतात की एकदा ती घेतली की माणूस आयुष्यभर गोलपोस्टमागेच राहतो, मुख्य प्रशिक्षक काही होत नाही. घ्यावी की नाही?

घ्या. मात्र सगळे सांगतात ते अगदीच खोटं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी १४ वर्षं गोलकीपर होतो, त्यातली ५ बेंचवर गेली. नंतर ४ वर्षं गोलकीपिंग कोच, मग सहायक, आणि आता १८ वर्षांखालच्या मुलांचा मुख्य प्रशिक्षक. मोठं नाव वगैरे काही नाही. पण हा रस्ता पायाखालचा आहे.

गोलकीपरबद्दल एक वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल: त्याला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून तो जन्मजात प्रशिक्षक. मीही त्यावर विश्वास ठेवून होतो. मग एक दिवस आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी मला पहिल्यांदाच दहा मैदानी खेळाडू दिले आणि म्हणाले, वीस मिनिटं बचावाचा सराव घे. मी शिट्टी वाजवली आणि सवयीने जाऊन गोलच्या मागे उभा राहिलो! तिथूनच ओरडत होतो, "डावीकडे सरक, आत ये." दहा मिनिटांनी त्यांनी मला दंडाला धरून साइडलाइनवर मध्यरेषेपाशी नेऊन उभं केलं. "आता सांग, काय चुकतंय?"

मला काही दिसेना. खरंच सांगतो, मैदान कुणीतरी काटकोनात फिरवून ठेवल्यासारखं वाटत होतं. गोलमधून दोन बचावपटूंमधलं आडवं अंतर लगेच कळतं. सेंटर बॅक आणि फुलबॅकमध्ये फट पडली की आपण ओरडतोच. पण बचावफळी आणि मधली फळी यांच्यात किती जागा सुटली आहे, ते मागून नीट कळत नाही, सगळे एकामागे एक दिसतात. साइडलाइनवरून नेमकं उलट. आणि मुख्य प्रशिक्षकाचा निम्मा जीव त्या उभ्या अंतरात अडकलेला असतो.

त्यानंतर त्यांनी मला एक शिक्षाच लावली. मुलांच्या सामन्यांना स्टँडमध्ये सगळ्यात वर, मध्यरेषेच्या समोर बसायचं, वही घ्यायची, आणि ९० मिनिटं गोलकीपरकडे बघायचं नाही. करून बघा एकदा. मान आपोआप वळते.

दुसरी उणीव कळायला आणखी वेळ लागला. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी सोळा वर्षांच्या पोरांबरोबर रोंडोमध्ये (गोलात उभं राहून मधल्याला चुकवत बॉल फिरवायचा सराव) आणि छोट्या मैदानावरच्या खेळात मिडफिल्डर म्हणून उतरलो. पायाने खेळणं मला येत होतं. १९९२ साली बॅकपास, म्हणजे सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल, हातात घ्यायला बंदी आली, त्यानंतरच्या पिढीचा मी. तरी दर वेळी बॉल गेला. कारण साधं होतं. मिडफिल्डर बॉल येण्याआधी दोनतीनदा मान वळवून मागे बघून घेतो. मला ती सवयच नव्हती. माझ्या मागे आयुष्यभर फक्त जाळं होतं. पाठीवर माणूस घेऊन बॉल स्वीकारणं म्हणजे काय, हे मी हजार वेळा पाहिलेलं, एकदाही अनुभवलेलं नाही. ज्याने ते अनुभवलं नाही त्याने मिडफिल्डरला "टर्न का नाही झालास" म्हणून झापू नये.

हे दोन्ही शिकता येतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. शिकलेले लोक आहेत. दिनो झोफ यांनी १९८२ मध्ये वयाच्या ४० व्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, ते सगळ्यांना आठवतं. पण १९९० मध्ये त्याच माणसाने युव्हेंटसचा प्रशिक्षक म्हणून एकाच हंगामात युएफा कप आणि इटालियन कप जिंकले. २००० च्या युरो फायनलमध्ये त्यांची इटली फ्रान्सविरुद्ध नव्वद मिनिटांपर्यंत १-० ने पुढे होती. मग भरपाई वेळेत विल्टॉर्डने बरोबरी केली आणि जादा वेळेत ट्रेझेगेच्या गोल्डन गोलने (पहिला गोल झाला की सामना तिथेच संपतो, असा तेव्हाचा नियम) सगळं संपलं. त्यावर इटलीतले राजकारणी बर्लुस्कोनींनी जाहीर टीका केली आणि झोफ राजीनामा देऊन मोकळे झाले. युरोपियन विजेतेपद हवं असेल तर रेमंड गोएथल्स आहेत: खेळाडू म्हणून गोलकीपर, आणि १९९३ मध्ये ७१ व्या वर्षी मार्सेलला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे. स्पेनचे प्रशिक्षक लोपेतेगी, तेही माजी गोलकीपर, यांना २०१८ च्या विश्वचषकात स्पेनच्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी काढलं, आणि दोन वर्षांनी त्यांनी सेव्हियाला युरोपा लीग जिंकून दिली.

पण तुमच्या कामाचं उदाहरण मला नुनो एस्पिरितो सांतो यांचं वाटतं. २००४ साली पोर्तोने मोरिन्योंच्या हाताखाली चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा गोलमध्ये व्हितोर बाईया होते आणि नुनो राखीव. पुढे याच नुनोंनी २०१८ मध्ये वुल्व्हजला दुसऱ्या श्रेणीतून प्रीमियर लीगमध्ये आणलं आणि सलग दोन हंगाम सातव्या क्रमांकावर ठेवलं. आता हे माझं मत, पुरावा नाही: बेंचवरच्या गोलकीपरइतकं फुटबॉल जवळून आणि निवांतपणे कुणी बघत नाही. राखीव स्ट्रायकर सत्तराव्या मिनिटाला मैदानात उतरेन या आशेवर असतो, तो स्वतःचाच विचार करतो. आपल्याला माहीत असतं की पहिल्याला दुखापत झाली नाही तर उतरायचं नाही. मग माणूस बघतो. प्रशिक्षक कुणाला काय बोलला, कुणाला मुद्दाम बोलला नाही, तेही. तुमची बेंचवरची वर्षं वाया गेली असं समजू नका, माझी खरी शाळा तीच होती.

आता गोलकीपिंग कोचच्या कामाबद्दल. लोकांना वाटतं तितकी ही आडोशाची नोकरी राहिलेली नाही. २०१९ पासून गोलकिक बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला देता येते, त्यामुळे आक्रमण तुमच्या माणसापासून सुरू होतं. २०२५-२६ च्या हंगामापासून गोलकीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर थेट कॉर्नर. साहजिकच डावपेचांच्या बैठकीत तुम्हाला बोलवावंच लागतं. बऱ्याच संघांत कॉर्नर-फ्रीकिकचा बचावही याच माणसाकडे असतो.

आणि कधीकधी एक कागदाचा चिटोरा सामना फिरवतो. २००६ च्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, बर्लिन, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, पेनल्टी शूटआउट. जर्मनीचा गोलकीपर लेमान दर पेनल्टीआधी मोज्यातून एक चिठ्ठी काढून वाचत होता, अर्जेंटिनाचा कोण कुठे मारतो याची. ती लिहिली होती गोलकीपिंग कोच अँड्रियास कोपके यांनी, जे स्वतः जर्मनीचे माजी गोलकीपर. मजा अशी की शेवटच्या पेनल्टीला आलेल्या कांबियासोचं नाव चिठ्ठीत नव्हतंच. लेमानने तरीही ती शांतपणे वाचल्याचं दाखवलं, आणि पेनल्टी अडवली.

याच कामाची दुसरी बाजू २०१४ च्या विश्वचषकात दिसली. कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी नेदरलँड्सने गोलकीपर सिलेसेनला बाहेर काढून फक्त पेनल्टींसाठी टिम क्रुलला आणलं. मुख्य प्रशिक्षक व्हान हाल आणि गोलकीपिंग कोच फ्रान्स हुक यांचा बेत क्रुलला ठाऊक होता, सिलेसेनला नव्हता. क्रुलने दोन अडवल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र आठवतो तो बाहेर येताना बाटलीला लाथ मारणारा सिलेसेन. पुढच्याच सामन्यात पुन्हा पेनल्टी आल्या, बदली खेळाडू संपले होते आणि गोलमध्ये तोच होता, हरले. दुखावलेल्या गोलकीपरबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला उभं राहायचं असतं ते गोलकीपिंग कोचला. मुख्य प्रशिक्षक तोवर पुढच्या संघाच्या व्हिडिओत गुंतलेला असतो.

माझी स्वतःची मोठी चूकही सांगून टाकतो. मी क्रॉस (कडेने आलेला उंच बॉल) धरण्याऐवजी मुठीने पंच करणारा कीपर होतो, उंची कमी म्हणून. पहिल्या वर्षी माझ्या हाताखाली माझ्यापेक्षा वीतभर उंच पोरगा आला, हात गोंदासारखे. मी त्यालाही पंच करायला लावलं. तीन सामन्यांत दोनदा बॉल अर्धवट लागून थेट विरोधी स्ट्रायकरच्या पायात पडला. तिसऱ्यानंतर तो ग्लोव्ह्ज काढताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, मी धरू शकलो असतो." मी त्याला कीपिंग शिकवत नव्हतो, माझी उंची शिकवत होतो.

तर जागा घेताना दोन गोष्टी करा. एक, गोलकीपिंगचे डिप्लोमा वेगळे असतात. ते कितीही गोळा केले तरी मुख्य प्रशिक्षकपदासाठी लागणारी सी, बी, ए, प्रो ही लायसन्सची शिडी वेगळी चढावी लागते. ती पहिल्याच वर्षी सुरू करा. माझी तीन वर्षं "बघू पुढे" म्हणण्यात गेली. दोन, होकार देण्याआधी क्लबला एकच गोष्ट विचारा: गोलकीपर्सचा सराव संपल्यावर बाकी सरावात मी कुठे असणार? "तुम्ही मोकळे" असं उत्तर आलं तर लोक तुम्हाला सांगतात तो सापळा तोच. कुठल्या तरी वयोगटाच्या मैदानी खेळाडूंबरोबर आठवड्यातून दोन सत्रं मागून घ्या, फुकट मिळाली तरी.

राहता राहिला गुडघा. या नोकरीत तुम्ही बॉल अडवण्यापेक्षा मारणार जास्त, सामन्याआधीच्या वॉर्मअपमध्येही, आणि मारायचा म्हणजे कीपरला हवा तिथेच पडला पाहिजे. ऑपरेशन झालेला पाय रोज इतकं सोसणार नाही. आतापासूनच दुसऱ्या पायाने, हातातून सोडून हाफ-व्हॉली मारायला लागा. मी डाव्या पायाने शिकलो तेव्हा पस्तिशी उलटली होती, आणि पहिला आठवडा आमच्या कीपरने कुंपणापलीकडून बॉल आणण्यातच घालवला.